शाखा, अंगठा आणि धक्के: बडोदा-छोटाउदेपूर प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

यावेळी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवतेय, कारण मागच्या कामात तीन महिन्यांनी कोणालाच आठवेना की अमुक कॉलम आपण का उडवला होता. तर काम असं आहे. इथल्या एका संस्थेला बँकेच्या कामांत मदत करणारं एक टेबल टाकायचंय, फॉर्म भरून देणं, कुठले कागद लागतात ते सांगणं वगैरे, बडोदा किंवा छोटाउदेपूर जिल्ह्यात, आणि ते कुठे टाकायचं हे त्यांना आमच्याकडून हवंय. त्यांचं म्हणणं सरळ आहे: तालुकावार एक आकडा द्या, दर लाख माणसांमागे बँकेच्या शाखा किती, जिथे सगळ्यात कमी तिथे टेबल. मी म्हटलं दोन आठवड्यांचं काम आहे. (हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतेय.)

टीम म्हणजे मी, बाबांचे मित्र असलेले रिटायर्ड बँकवाले काका, आणि युनिव्हर्सिटीत स्टॅट शिकणारा एक पोरगा ज्याला हे सर्टिफिकेटसाठी हवंय. बजेट म्हणजे पेट्रोल आणि सेव-उसळ.

आकडा आम्ही शोधून काढलेला नाही, जगभर हाच वापरतात. आयएमएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, २००९ पासून दरवर्षी देशादेशांकडून माहिती गोळा करतं, दर लाख प्रौढांमागे कमर्शियल बँकांच्या शाखा किती आणि एटीएम किती, आणि युनोच्या शाश्वत विकास ध्येयांमध्ये ८.१०.१ म्हणून हेच दोन आकडे घेतलेत. भारताचा शाखांचा आकडा साधारण १४-१५ च्या आसपास असतो. आम्हाला फक्त तो तालुक्यापर्यंत उतरवायचाय.

१७ जून

उतरत नाहीये.

शाखांची यादी रिझर्व्ह बँकेच्या साईटवरून मिळाली, जिल्हावार, गावाच्या नावासकट, ते ठीक. पण एकाच गावाची तीन-तीन स्पेलिंगं, छोटाउदेपूरची तर मी मोजायची सोडली, आणि बडोदा कुठे बरोडा कुठे वडोदरा. पोरग्याने ते साफ करायला घेतलंय.

खरी अडचण भागाकाराच्या खालच्या बाजूला आहे. छोटाउदेपूर जिल्हा बडोद्यातून वेगळा झाला १५ ऑगस्ट २०१३ ला, आणि जनगणना आहे २०११ ची, म्हणजे तिच्यात सगळा मिळून एकच बडोदा जिल्हा, ४१.६५ लाखांचा. बरं तालुके तरी तेच असतील म्हणावं तर बोडेली तालुकाच मुळात जिल्हा झाला तेव्हा नवा काढलेला, जनगणनेत तो नाहीच, त्याची गावं जुन्या तालुक्यांमधून एकेक उचलून गोळा करावी लागणार. आणि "प्रौढ" म्हणजे १५ च्या वरचे, पण गावपातळीच्या तक्त्यात वयाचं एवढंच मिळतं की ० ते ६ ची मुलं किती. १५ च्या वरचे किती हे कळायला जिल्ह्याचं प्रमाण लावावं लागतं, आणि ते प्रमाण बडोदा शहराने खाल्लेलं, आदिवासी भागात मुलं जास्त, म्हणजे छोटाउदेपूरच्या कवांट तालुक्यात प्रौढ आहेत त्यापेक्षा जास्त दिसणार आणि शाखांचा आकडा आहे त्यापेक्षा कमी.

कालच २०२७ च्या जनगणनेचं नोटिफिकेशन निघालं. पोरगा म्हणतो ताई थांबूया का.

२२ जून, रविवार

काकांकडे गेले होते, यादी दाखवायला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि रेसकोर्स रोड-अलकापुरीच्या पट्ट्यावर बोट ठेवून एकेक उडवायला लागले. "ही परदेशी व्यापारवाली, इथे तुझं पासबुक कोण छापणार? ही बुडीत कर्जाच्या वसुलीची. ही मोठ्या कंपन्यांची, इथे वॉचमनच आत सोडणार नाही तुला." यादीत त्या सगळ्या शाखाच. आणि मग दोन बँका एक झाल्यावर शेजारी-शेजारी राहिलेल्या दोन शाखा, पाटी एकच रंगाची, मधे एक भिंत. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या तेव्हा, आणि २०२० ला दहाच्या चार झाल्या तेव्हा, असं शहरात बऱ्याच ठिकाणी झालं होतं. त्यातली एक बंद झाली तर आकडा कमी होतो, माणसाला काय फरक पडतो, काही नाही, रांग थोडी लांबते.

शहराचा आकडा म्हणून फुगलेला. वर पुन्हा भायली, सेवासी ही २०११ च्या जनगणनेत गावं होती, २०२० ला महानगरपालिकेत आली, आता तिथे टॉवरच टॉवर. शाखा आजच्या आणि माणसं चौदा वर्षांपूर्वीची. असा भागाकार केला की भायली स्वित्झर्लंड होते.

मी विचारलं मग शाखा म्हणजे नक्की काय धरायचं. काका म्हणाले अगं ते तर रिझर्व्ह बँकेनेच बदलून टाकलं. १८ मे २०१७ च्या सर्क्युलरमध्ये "बँकिंग आउटलेट" असा शब्द आला: ठरलेली जागा, तिथे बँकेचा माणूस असो की बँक मित्र (बँकेने नेमलेला बाहेरचा एजंट), पैसे भरणं, काढणं किंवा कर्ज देणं यातलं काम, दिवसाला किमान चार तास, आठवड्याचे किमान पाच दिवस. एवढं जमलं की आउटलेट. आणि वर्षभरात जेवढी नवी आउटलेट उघडाल त्यातली निदान २५ टक्के अशा खेड्यांत, जिथे आधी बँकेचं काहीच नव्हतं.

म्हणजे छोटाउदेपूरच्या नसवाडीकडे किराणा दुकानात एका कोपऱ्यात अंगठ्याचं मशीन घेऊन बसलेला पोरगा आणि शहरात मांडवीतली दोन मजली शाखा, नियमाच्या भाषेत दोन्ही आउटलेट. हे आम्ही मिळवायचं की वेगळं ठेवायचं यावर चहा गार झाला.

२९ जून

वेगळं ठेवलं. तीन कॉलम: शाखा, बँक मित्र, एटीएम.

मग आईने (तिला यातलं काही विचारलं नव्हतं) विचारलं की सहकारी बँका आणि पतपेढ्या कुठे धरल्यात. कुठेच नाही. आयएमएफच्या त्या मुख्य आकड्यात फक्त कमर्शियल बँका. आणि हे बडोद्यात करायचं म्हणजे जरा गंमतच आहे, कारण देशातली बहुधा सगळ्यात पहिली सहकारी पतसंस्था म्हणतात ती इथलीच, अन्योन्य सहकारी मंडळी, १८८९ ची, विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाऊसाहेब कवठेकरांनी उभी केलेली. आपल्या मराठी माणसांनी गुजरातेत येऊन एकमेकांचे पैसे एकमेकांना फिरवायची सोय केली, तेव्हा बँक ऑफ बडोदा यायला अजून एकोणीस वर्षं होती, आणि सहकारी सोसायट्यांचा कायदासुद्धा १९०४ चा. आमच्या फॉर्म्युल्यात १८८९ च्या बडोद्याला त्या मंडळीचे मार्क शून्य.

पोस्टाचंही तेच. देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं, बहुतेक खेड्यांत, तिथे बचत खातं निघतं, २०१८ पासून पोस्टाची पेमेंट्स बँक पण आहे, पण शाखांच्या आकड्यात पोस्टमन नाही.

चौथा कॉलम केला, "इतर". पोरगा म्हणाला ताई इतर नावाच्या कॉलममध्ये प्रोजेक्ट मरतात. हुशार आहे.

६ जुलै

आषाढी. मांडवीत विठ्ठल मंदिरात जाऊन आले, साबुदाणा, झोप. काम शून्य.

११ जुलै

परवा सकाळी गंभीरा पूल पडला. मही नदीवरचा, बडोद्याच्या पादरा तालुक्यातून आणंद जिल्ह्यात जाणारा, १९८५ चा. गाड्या खाली नदीत, वीसच्या आसपास माणसं गेलीत, शोध अजून चालूच. आमच्या ओळखीतला एक जण रोज त्या रस्त्याने जायचा, तो त्या दिवशी उशिरा निघाला म्हणून घरी आहे. दोन दिवस कुणी शीट उघडली नाही.

आज उघडली तर नकाशा होता तसाच. सरकारी धोरणात असं आहे की प्रत्येक गावाला पाच किलोमीटरच्या आत बँकेची सोय पाहिजे, म्हणून आम्ही प्रत्येक शाखेभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलेलं, आणि महीकाठच्या शाखांची वर्तुळं नदी ओलांडून पलीकडच्या गावांवर आरामात पडलेली. हिरवी. आठवड्यापूर्वी पण हिरवी, आज पण हिरवी. पलीकडच्या माणसाला आता केवढा वळसा घालावा लागणार हे त्या वर्तुळाला माहीतच नाही, त्याच्यासाठी नदी म्हणजे कागदच.

वर्तुळं काढून टाकली. रस्त्याने अंतर मोजणार. पोरगा म्हणाला दोन दिवस लागतील, म्हटलं लागू देत.

१७ जुलै

काल वर्ल्ड बँकेचा नवा फिन्डेक्स आला. हा सर्व्हे वेगळा, इथे बँकेला नाही माणसालाच विचारतात की तुझं खातं आहे का. भारताचे आकडे ओळीने लिहून ठेवते: २०११ ला ३५ टक्के प्रौढांचं खातं होतं, २०१४ ला ५३, २०१७ ला ८०, २०२१ ला ७८ आणि २०२४ ला ८९.

पोरग्याने यावर शाखांची रेघ टाकली. २०११ ते २०१७ दोन्ही वर जातात, ते बघून तो खूश, म्हणे कोरिलेशन. पण २०१७ नंतर शाखांची रेघ जवळपास सपाट आणि खाती तरी वाढलेली. आणि त्या आधीची उडी पण शाखांमुळे म्हणता येत नाही, मधे २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन सुरू झालं, आधार आलं, बँक मित्र तर २००६ पासूनच होते. तेव्हा त्याला केनिया काढायला सांगितलं. केनियात दर लाख प्रौढांमागे शाखा पाचच्या आसपास, आपल्या एक तृतीयांश, आणि २०२१ च्या फिन्डेक्समध्ये खातेवाले ७९ टक्के, आपण ७८. तिथे २००७ पासून मोबाईलवर पैसे, एम-पेसा. (मोम्बासाला बडोद्याच्या बँकेची शाखा १९५३ पासून आहे, हे काकांनी मधेच घुसवलं, त्यांना असं काही सुचलं की राहवत नाही.)

म्हणजे शाखा तिप्पट असूनही खाती तेवढीच. आणि उलटं पण बघायला पाहिजे: आपल्याकडे २०१७ ला ज्यांची खाती होती त्यातल्या ४८ टक्क्यांनी वर्षभरात खात्याला हात लावला नव्हता, २०२१ ला ते ३५ वर आलं. खातं असणं आणि खातं चालणं यात पण मोठी दरी आहे, शाखा मोजा नाहीतर खाती मोजा, दोन्हीकडे आपण दारच मोजतोय, आत कोण जातंय ते नाही.

२० जुलै, रविवार

काकांचा दिवस. काल १९ जुलै, राष्ट्रीयीकरणाची तारीख, १९६९, चौदा बँका. आज २० जुलै, १९०८ ला सयाजीरावांनी बँक ऑफ बडोदा सुरू केली ती तारीख. काका दरवर्षी या दोन दिवसांत कोणालातरी पकडून बोलतात, यंदा मी.

बोलले ते मात्र कामाचं. मी आल्या-आल्या सांगितलं की काका शाखांचा आकडा बेकार आहे, टाकून देते. ते चिडले. म्हणाले १९६९ मध्ये अख्ख्या देशात ८,२६२ शाखा होत्या, एका शाखेमागे ६५ हजार माणसं, तुझ्या हिशोबात लाखाला दीड. तेव्हा हा आकडा बेकार नव्हता, तेव्हा तोच आकडा होता, कारण पैसा ठेवायचा तर शाखेत नाहीतर मडक्यात. मग १९७७ पासून १९९० पर्यंत एकास चारचा नियम, जिथे बँक आहे तिथे एक शाखा काढायची तर जिथे नाही तिथे चार काढा. काकांचं पहिलं पोस्टिंग अशाच एका "चार" मधलं, पंचायतीच्या खोलीत, पंखा नाही, पेटी आणि एक शिपाई. टार्गेट असायचं म्हणून काही शाखा मार्च संपता-संपता घाईघाईत उघडायच्या, उद्घाटनाला पेढे आणि दुसऱ्या दिवसापासून फर्निचरची वाट. "पण सावकाराचा दर खाली आला की नाही? आमच्या गावात आला. मी बघितलाय."

यावर अभ्यास पण आहे, रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांचा २००५ चा, त्यांनी त्या नियमाचाच उपयोग करून दाखवलं की ग्रामीण शाखा वाढल्या तिथे खेड्यातली गरिबी कमी झाली. त्याच्यावर नंतर टीका पण झालीये, की ज्या मागास भागांत शाखा नेल्या तिथेच बाकीच्या सरकारी योजना पण चालू होत्या, मग श्रेय कुणाचं. मी हे काकांना सांगितलं नाही.

त्यांचं शेवटचं वाक्य तेवढं लिहून ठेवते. "अंगठा लावून पैसे निघतात, मान्य. पण खातेदार मेला की अंगठा कोणाचा लावणार?"

२३ जुलै

काल रिझर्व्ह बँकेने वित्तीय समावेशन निर्देशांक जाहीर केला, मार्च २०२५ चा ६७.०, गेल्या वर्षी ६४.२, २०१७ ला ४३.४ होता. ९७ निर्देशक मिळून एक आकडा. मला त्यातला आकडा नाही, वाटणी आवडली: उपलब्धता ३५ टक्के, वापर ४५, गुणवत्ता २०. म्हणजे ज्यांच्याकडे सगळ्या देशाचा डेटा आहे ते सुद्धा "आहे का" ला एक तृतीयांशच मार्क देतात, आणि आम्ही आमचे शंभरपैकी शंभर तिथे टाकून बसलो होतो.

वापराचा डेटा तालुक्याचा आम्हाला मिळणार नाही. जाऊन विचारावं लागणार.

२७ जुलै

काल पहाटे प्रतापनगरहून छोटाउदेपूरची गाडी धरली, डभोई, बोडेली करत, मग पुढे जीपने कवांट. पाऊस, सगळं हिरवंगार, पोरगा आयुष्यात पहिल्यांदा इकडे आलेला, खिडकी सोडेना.

एका ग्रामपंचायतीत कॅम्प चालू होता. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत देशभर ग्रामपंचायतींमध्ये हे कॅम्प आहेत, कारण २०१४-१५ ला उघडलेल्या जनधन खात्यांना दहा वर्षं झाली आणि कमी जोखमीच्या खात्यांचं केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची तपासणी, दहा वर्षांनी परत करावं लागतं. म्हणजे तेव्हा ज्यांना खाती "मिळाली" ते सगळे आता एकदम कागद घेऊन रांगेत. जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने सवलत दिलीये की काही बदललं नसेल किंवा फक्त पत्ता बदलला असेल तर बँक मित्राकडेच सांगून होईल.

रांगेतल्या एका बाईंशी बोलले. गंगा स्वरूपाचे, म्हणजे विधवा सहाय्याचे महिन्याला १,२५० रुपये खात्यात येतात. बँक मित्र त्यांच्या फळियापासून (वस्तीपासून) चालत दहा मिनिटांवर, आमच्या नकाशात एकदम हिरव्या. पण शेतात राबून बोटांच्या रेघा गेलेल्या, मशीन अंगठा घेतच नाही. पहिल्यांदा गेल्या तेव्हा मशीनने घेतला नाही. दुसऱ्यांदा नेट नव्हतं. तिसऱ्यांदा बँक मित्र म्हणाला माझ्याकडची रोकड संपली, बाजाराच्या दिवसानंतर या. चौथ्यांदा तालुक्याच्या शाखेत गेल्या, जीपचं भाडं देऊन, तिथे सांगितलं खात्यावर केवायसी बाकी आहे. आज पाचवा.

त्या म्हणाल्या, "बेन, धक्का बहु खाधा."

आपण बडोद्यातली मराठी माणसं पण असंच म्हणतो, बँकेत धक्का खाल्ला, म्हणजे गेलो आणि काम न होता परत आलो. पुण्याची मावशी ऐकून म्हणते कोणी ढकललं तुम्हाला? तिकडे हेलपाटा म्हणतात. पण धक्काच बरोबर आहे.

परतीच्या गाडीत पोरगा बराच वेळ गप्प होता, मग बोडेली गेल्यावर म्हणाला ताई, हेच मोजूया ना.

३ ऑगस्ट

प्रश्नावली केली, एका पानाची. तुमचं बँकेतलं शेवटचं काम कोणतं? ते झालं का? कितव्या फेरीत? प्रत्येक फेरीला भाडं किती आणि रोज (दिवसाची मजुरी) किती बुडाला? परत कशामुळे यावं लागलं? बस. "बँक तुमच्यापासून किती लांब आहे" हा प्रश्न ठेवला होता तो काढला, कारण लोक अंतर सांगतच नाहीत, भाडं सांगतात.

काकांनी कामांची यादी करून दिली आणि त्यात दोन ढीग पाडले. एक, अंगठ्याने होणारी: पैसे काढणं, भरणं, शिल्लक बघणं, पाठवणं. दोन, खुर्चीवरच्या माणसाशिवाय न होणारी: मेलेल्या माणसाच्या खात्यातले पैसे वारसाला, नावात चूक, सज्ञान झालेल्या मुलाचं खातं, बंद पडलेलं खातं चालू करणं, पीककर्ज. बँक मित्र वाढले की पहिला ढीग हलका होतो. दुसरा तिथेच राहतो, आणि बरेचसे धक्के दुसऱ्यातच. माझा काकांबरोबरचा वाद इथे मिटला: शाखांचा आकडा बेकार नाहीये, तो दुसऱ्या ढिगाचा आहे, आपण तो सगळ्या कामांसाठी वापरत होतो.

९ ऑगस्ट

राखी. घरचाच नमुना मिळाला. बाबा गेले, तर खात्यावरून त्यांचं नाव काढायला आई जातेय, दोन महिने. आम्ही दांडिया बाजारात राहतो, घरातून खाली उतरलं की चालत पाच मिनिटांत चार बँकांच्या शाखा, जगातला कुठलाही आकडा लावा, आम्ही वरच्या टोकाला. पहिला धक्का, दाखल्याची ओरिजिनल आणा. दुसरा, ओरिजिनल आहे पण तो फॉर्म जुना, नवा आलाय. तिसरा, साहेब ट्रेनिंगला. चौथ्याला मीच गेले, तर म्हणे तुमची सही कशाला, आईंना पाठवा. बँकेचं नाव लिहीत नाही, काकांना वाईट वाटेल, आणि खरं सांगायचं तर कुठलीही असती तरी असंच झालं असतं.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीला विश्वामित्रीचा पूर आला तेव्हा इथली एटीएम आठवडाभर बंद होती, पण दूधवाल्यापासून सगळे फोनवर पैसे घेत होते, काही अडलं नाही. अडतं ते हे असलं.

कवांटच्या बाई पाचवर आणि आई चारवर. दोघींच्या आसपास शाखा किती ते बघितलं तर जमीन-अस्मानाचा फरक.

१६ ऑगस्ट

संस्थेबरोबर मीटिंग. त्यांना आकडा हवा होता, मी तीन पानं नेली. मॅडम छान आहेत पण स्पष्ट: "देणगीदाराला मी धक्के सांगू का?" त्यांचं चूक नाही. दर लाखामागे अमुक शाखा हे एका ओळीत बसतं, देशाशी, केनियाशी कुणाशीही लावता येतं, दरवर्षी फुकटात मिळतं. आमच्या धक्क्यांचं तसं काहीच नाही, ते गाव बदललं की बदलतात आणि मोजायला माणूस पाठवावा लागतो. मी हे सगळं कबूल केलं. मग पोरग्याने (त्याला बोलायला सांगितलं नव्हतं) नकाशा उघडला आणि विचारलं, मॅडम, सगळ्यात कमी शाखावाल्या गावात टेबल टाकलं तर तिथे येऊन माणूस करेल काय? फॉर्म भरून घेईल आणि परत तालुक्यालाच जाईल, म्हणजे आपण त्याला एक धक्का वाढवून दिला.

खोली जरा शांत झाली.

ठरलं ते असं. अहवालात शाखांचा आकडा राहील, पहिल्या पानावर, खाली साफ लिहून की माणसं २०११ ची, शाखा २०२५ च्या, सहकारी आणि पोस्ट धरलेले नाहीत. आणि टेबल जिथे शाखा सगळ्यात कमी तिथे नाही, तालुक्याच्या गावी, शाखांपासून हाकेच्या अंतरावर, हाटाच्या दिवशी, कारण त्या दिवशी लोक तसेही येतात, भाडं एकदाच लागतं. शाखेत शिरायच्या आधी कागद बघायचे, काय कमी आहे ते सांगायचं, जमलं तर बरोबर आत जायचं. काका म्हणाले मी बसतो. वय ६८, गुडघे दुखतात, पण बसतो.

२४ ऑगस्ट

पहिलं टेबल परवा लागलं. छत्री, दोन खुर्च्या, स्टेपलर, झेरॉक्सवाला समोरच (त्याच्याशी आधीच बोलून ठेवलं). वहीत कॉलम पाडले: तारीख, गाव, काम, कितवा धक्का, भाडं, रोज. गणपतीच्या आधी एकदा बघून घेऊ म्हणून मी पण गेले होते.

सकाळी कोणीच आलं नाही, काकांनी दोनदा चहा मागवला आणि समोरच्या शाखेची रचना कशी चुकलीये ते समजावलं. अकराच्या सुमाराला एक आजोबा आले, धोतर, छत्री, प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक. मुलगा गेला, त्याच्या खात्यातले पैसे. काकांनी कागद लावून दिले, एक कमी होता, तो पंचायतीतूनच मिळणार होता, आज शक्य नव्हतं. मी वही पुढे ओढली आणि विचारलं, दादा, या कामाला आत्तापर्यंत किती धक्के झाले?

त्यांनी बोटांवर मोजले, मग थांबले आणि काकांकडे बघून विचारलं, "आजनो पण गणवो?" आजचा पण मोजायचा का.

काका माझ्याकडे बघत होते. मी लिहिलं, चार.